मी मेलेली त्या महिन्याची पेन्शन

मी मेली तेव्हा मी दारात बसून सुकट निवडत होती.

आता तुम्ही बोलाल, मेलेली बाई सुकट कशी निवडते? तेच तर! मला पण तेव्हा कळलं नाही, अजून नीट कळलेलं नाही. पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर मी मेली का आणि मग मला जिवंत व्हायला एवढा खटाटोप का करावा लागला, याचा तुम्हाला पत्ता लागायचा नाही.

माझं माहेर बाळकुमचं. बापाची खाडीच्या कडेला भातशेती होती. आता तिथे एवढ्या उंच बिल्डिंगी झाल्यात की वरच्या माणसाला खाली बाजारात काय चाललंय ते कळायला दुसरा दिवस उजाडत असेल. मालक माझे रेतीच्या होडीवर होते. एक दिवस ताप घेऊन आले आणि आठ दिवसांत गेले. हरेश तेव्हा मांडीवर. मला धड रडायला पण मिळालं नाही, कारण मावरं, म्हणजे मासळी, कुणाच्या रडण्यासाठी थांबत नाही, नासते. टोपली डोक्यावर घेतली ती घेतलीच. आधी दारोदार, मग डोंबिवलीच्या मच्छी मार्केटात जिन्याखालची जागा. चाळीस वर्षं! गुडघे बोलले, बस आता. मी बसली.

मग बाळकुमची जमीन विकली तेव्हा माझ्या दादाने माझा हिस्सा माझ्या हातात आणून ठेवला. (न भांडता! आमच्या गावात असं झालं की लोक बघायला येतात.) एवढे पैसे मी कधी बघितले नव्हते, त्यामुळे मला त्या दिवसापासून झोप नाही.

सल्ला द्यायला सगळे आले. समोरच्या खोलीत माझ्या वन्सं राहतात, चांगुणा, माझ्या मालकांची थोरली बहीण. त्या बोलल्या, "सोनं घे." हरेश बोलला, "आई, टेम्पो घेऊ." आणि मग दादाचा मुलगा दिनेश आला. माझा हा भाचा पेन्शनच्या पॉलिस्या विकतो. बॅग, पेन, इस्त्रीचा शर्ट, सगळं आहे त्याच्याकडे.

"आत्या, सगळे पैसे एकदाच कंपनीत टाकायचे," दिनेश बोलला. "कंपनी तुला दर महिन्याला पगार देणार. मरेपर्यंत!"

"आणि मी काम काय करायचं?"

"काही नाही. फक्त जगायचं."

(एवढं सोपं काम मला जन्मात कुणी दिलं नव्हतं.)

"आणि माझे पैसे?"

"मुद्दल जागच्या जागी. एक पै हलत नाही."

"मग ते मला कधी मिळणार?"

"तू गेल्यावर."

"कुठे गेल्यावर?"

दिनेशने भिंतीवरच्या माझ्या मालकांच्या फोटोकडे बघितलं. मी पण बघितलं.

"अरे, पण मी तिकडे गेल्यावर मला कसे मिळणार?"

"तुला नाही, आत्या. हरेशदादाला. तो वारस."

"म्हणजे पैसे माझे, घेणार हरेश, आणि मरायचं तेवढं मी?"

"बरोबर समजलीस!"

मी काही समजली नव्हती. पण त्याने दुसरा पण प्रकार सांगितला. मुद्दल परत नको असेल तर पगार जास्त मिळतो, पण मी डोळे मिटले की सगळं कंपनीचं. मुद्दल पोराला ठेवायचं असेल तर पगार थोडा कमी. हे मात्र मला लगेच कळलं. जन्मभर घरात सुरमई आली की मधली तुकडी हरेशच्या ताटात आणि डोकं माझ्या. म्हातारपणी ती सवय कशी मोडायची? आणि होडी कुणी विकतं का? होडीतलं मावरं विकायचं, होडी पोराला ठेवायची. मी बोलली, "कमीवालं दे."

दिनेशने कागद करायला चार महिने लावले. फॉर्म दोनदा हरवला, एकदा त्याच्यावर चहा सांडला, एकदा माझा फोटो लावायच्या जागी त्याच्या सासूचा लागला. हे चार महिने लक्षात ठेवा.

पगार सुरू झाला. पण एक गोष्ट बिघडली, ती म्हणजे माझं डोकं. मी मेल्यावर हरेशला पैसे मिळणार, हे माझ्या मनातून जाईना. पोरगा चांगला हो! पण तो जवळ आला की मला वाटायचं, हा बघायला आला.

"आई, खोकला कसा आहे?"

"बरा आहे. का, घाई आहे?"

बिचारा परत जायचा. सुनेने चहा दिला तर मी आधी वास घ्यायची. साखर जास्त पडली तरी मला संशय!

मग हरेशची एमआयडीसीतली केमिकलची कंपनी बंद पडली. गेटला कुलूप. पाच महिने पोरगा दारोदार काम शोधतोय आणि घर चालतंय कशावर? माझ्या जगण्यावर! गॅस माझ्यावर, लाइट बिल माझ्यावर, नातीची फी माझ्यावर. ज्या दिवशी सुनेने पहिल्यांदा माझ्याकडे किराण्याचे पैसे मागितले, त्या दिवशी मी चहाचा वास घ्यायचं बंद केलं. आता मी मेलेली कुणालाच परवडणारी नव्हती.

आणि नेमका तेव्हाच कावळा आला.

ठाकुर्लीला आमच्या चाळीत मी दारातच बसते, कारण आत सुकट निवडली की सून बोलते वास येतो. (येतोच. सुकट आहे, अगरबत्ती नाही.) तर एक कावळा उतरला आणि सुकटीवर झडप घालायची सोडून माझ्या डोक्यावर पाय देऊन उडाला.

समोरून वन्संनी किंकाळी फोडली. "बसला! अगो नमा, डोक्यावर बसला!"

"वन्सं, चाळीस वर्षं रोज बसतोय."

"तेव्हा टोपली होती! आता नुसतं डोकं आहे!"

मी डोकं चाचपून बघितलं.

आमच्यात कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरण दारात आलं असं धरतात. त्याला उपाय एकच. लांबच्या जिव्हाळ्याच्या माणसांना निरोप धाडायचा, की अमुक बाई गेली. ती माणसं खरी खरी रडली की मरणाला वाटतं, आपलं काम झालं, आणि ते माघारी जातं. मग दुसरा निरोप धाडायचा, की खोटं होतं, बाई आहे, गोड खा. रडणं मात्र खरं पाहिजे, म्हणून आधी कुणाला सांगायचं नसतं.

"नको वन्सं," मी बोलली. "दादाचं वय झालंय."

"घर तुझ्यावर चाललंय आणि तू कावळ्यावर सोडतेस?"

हे मला पटलं. पगार मरेपर्यंत आहे. मरण जेवढं लांब तेवढा पगार जास्त. हिशोबात काही चूक नव्हती! मी हो बोलली, आणि वन्संनी बाळकुमला माझ्या वहिनीला फोन लावला.

"गेलीऽऽ गो माझी नमाऽऽ!"

वन्संना खरं तर दुसऱ्याला रडवायचं होतं, पण त्या स्वतःच सुटल्या. "सोन्यासारखी भावजय माझी! कुणाला कधी तोडून बोलली नाही! माझ्या शब्दाबाहेर कधी गेली नाही!" मी सुकट निवडायची थांबली. ही कोण मेली? वीस वर्षं आमचं नळावरून भांडण आहे! पण त्या बोलत गेल्या तशी मला त्या बाईची दया यायला लागली आणि शेवटी मी पण पदराने डोळे पुसले. एवढी चांगली बाई अशी एकाएकी जावी म्हणजे काय!

रडून वन्संना थकवा आला. "थोड्या वेळाने दुसरा निरोप देते," बोलल्या आणि आडव्या झाल्या. घोरायला लागल्या. तासाने मी हलवून उठवल्या, फोन लावायला लावला, तर लागेना. कसा लागणार? वहिनी सगळ्या पाहुण्यांना कळवत होती. नंतर लागला तर कुणी उचलेना. म्हटलं, रडत असतील. चांगलंच आहे.

रडत नव्हते. टेम्पोत बसलेले.

टेम्पो चाळीच्या तोंडाशी थांबला. वहिनीचा आवाज आधी आला, माणसं मागून. दादा पुढे, हातात हा एवढा झेंडूचा हार. तो दारापाशी आला, माझ्याकडे बघितलं, सुकटीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

"नमे," दादा बोलला, "तू मेलीस ना?"

"नाही रे दादा. कावळा बसलेला."

दादाला रीत माहीत आहे. तो जागच्या जागी उंबऱ्यावर बसला आणि हारात तोंड घालून रडला, ते मात्र कुणाच्या सांगण्याने नाही. मग उठून त्याने मला अशा शिव्या दिल्या की मेली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

वहिनी बोलली, "म्हणजे मी बाळकुमपासून इथपर्यंत रडली ते फुकट?"

"फुकट कसं?" वन्सं बोलल्या. "त्याच्यावरच तर जगली ती!"

हार वाया कशाला घालवायचा, म्हणून मालकांच्या फोटोला घातला. सुनेने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकट होतीच. रडून सगळ्यांना भूक लागलेली. हरेश काम शोधून घरी आला तर त्याला दारात तीसेक चपला दिसल्या. तो तिथेच भिंतीला धरून उभा राहिला. मी आतून ओरडली, "आहे रे मी, ये जेवायला!" तरी त्याने आधी डोकावून मला बघितलं, मगच चपला काढल्या.

एकटा दिनेश जेवत नव्हता. तोंड बर्फातल्या बोंबलासारखं पांढरं.

"आत्या," तो बोलला, "मी कंपनीला कळवून टाकलं."

"काय कळवलं?"

"तू गेलीस म्हणून. टेम्पोतूनच. मोबाईलवरून. म्हटलं, हरेशदादाची नोकरी नाही, मुद्दल तरी लवकर सुटेल."

फॉर्म भरायला चार महिने लावणाऱ्या माणसाने कळव्याचा पूल ओलांडायच्या आत मला मारलेली! जन्मात एक काम त्याने वेळेवर केलं, ते पण प्रेमाने.

"उद्या रद्द करतो आत्या. घाबरू नको."

आणि उद्यापासून तो परत आपल्या जुन्या वेगाला लागला.

एक तारखेला माझा मोबाईल टिंग करून वाजतो, पगार आला म्हणून. त्या महिन्यात वाजला नाही. दोन तारखेला नाही. पाच तारखेला सुनेने तांदळाचा डबा वाजवून दाखवला. आठ तारखेला टपाल आलं, हरेशच्या नावाने. त्याने मलाच वाचून दाखवलं. कैलासवासी नर्मदाबाई यांच्या निधनाबद्दल कंपनीला अतिशय दुःख झालं आहे. वारसाने मृत्यूचा दाखला आणून द्यावा, म्हणजे मुद्दल देण्यात येईल.

मुद्दल! ज्याच्याकडे बघायचं पण नाही असं ठरलेलं, ते एका दाखल्यावर येऊन उभं राहिलेलं. एवढ्या महिन्यांची बेकारी, उधारी बंद केलेला वाणी, आणि हे पत्र.

वन्सं हळूच बोलल्या, "नमा, मेलीच आहेस कागदावर. थोडे दिवस तशीच राहा ना. माझ्याकडे आतल्या खोलीत राहशील, कुणाला दिसणार नाहीस."

मी विचार केला. खरंच केला. पोराच्या घराची अडचण सुटत असेल तर मी काय, कितीदा मेली आहे. मी बोलली, "हरेश, मला विचारशील तर..."

"तुला कोण विचारतंय?" हरेश एवढा ओरडला की कोपऱ्यातलं भांडं वाजलं. "त्या दिवशी दारात त्या चपला बघितल्या तेव्हा माझे पाय गेलेले. परत तो कागद मी हातात धरायचा? चांगुणाआत्या, तू पण गप्प बस! चल आई. उठ. तुला जिवंत करून आणू."

(त्या दिवसापासून तो खोकल्याचं विचारतो तेव्हा मी नीट उत्तर देते.)

डोंबिवलीच्या ऑफिसात हरेश, दिनेश आणि मी, तिघं गेलो. काचेमागे एक पोरगी.

"पेन्शन कुणाची?"

"नर्मदाबाईंची," हरेश बोलला.

पोरीने बघितलं. "त्या वारल्या आहेत."

"मीच ती," मी बोलली.

"आजी, सिस्टीममध्ये तुम्ही नाही आहात."

"मग ह्या खुर्चीत कोण बसलंय?"

"ते सिस्टीमला कसं कळणार? हयातीचा दाखला लागेल. अंगठा लावा."

अंगठा लावला. मशीन लाल. दुसरा लावला, लाल. दहा बोटं झाली, दहा वेळा लाल. ठसा कसा उठणार? चाळीस वर्षं खवले काढून, बर्फ हाताळून माझ्या बोटांवर रेघ म्हणून राहिली नाही. आरशासारखी गुळगुळीत. मग तिने डोळा मशीनला लावायला सांगितला. मोतीबिंदू काढलेला डोळा, मशीन बोललं जुळत नाही. मग मोबाईल तोंडासमोर धरला.

"आजी, डोळे मिचकवा."

मिचकवले.

"एवढे नाही. जरा कमी."

कमी मिचकवले. मोबाईल बोलला, चेहरा जुळत नाही. बरोबर आहे, आधार कार्डावरची बाई कोण आहे ते मला पण माहीत नाही.

आणि तिथे मला एकदम दिसलं हो! चाळीस वर्षं गिऱ्हाईकांनी माझ्या मावऱ्याचे डोळे बघितले, बोटाने दाबून बघितलं आणि नाक मुरडून बोलली, "नको." आज ही पोरगी माझे डोळे बघते, बोट दाबते आणि बोलते, नाही चालत. आता फक्त कल्ले उचलून बघायचे राहिलेले!

माझा ताबा सुटला. मी मार्केटात ओरडायची तशी ओरडली. "अगो ए पोरी! घ्यायचं तर घे, नाहीतर हात लावू नको!"

अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. आतल्या केबिनचं दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. चष्मा, गोरेपान, पोट.

"हा आवाज..." साहेब बोलले. "आजी, तुम्ही मच्छी मार्केटात जिन्याखाली बसायच्या का?"

"होय!" हरेश खुश होऊन बोलला. "साहेब ओळखतात आईला!"

पोरगी पण खुश. "सर, तुम्ही यांना ओळखत असाल तर प्रत्यक्ष पाहिलं म्हणून सही करू शकता. मग अंगठ्याची गरज नाही."

"ओळखतो म्हणजे?" साहेब बोलले. "लग्नानंतर सासरे पहिल्यांदा जेवायला आलेले. यांच्याकडून पापलेट नेलं. शप्पथ घातलेली यांनी, आजचंच आहे. घरभर वास! सासरे अजून आमच्याकडे जेवत नाहीत."

आणि माझ्या तोंडातून, सवयीने, गेलंच. "ती मी नव्हे."

साहेबांनी उघडलेलं पेन बंद केलं. "असं? मग माझी चूक झाली असेल. ओळख नसेल तर मला सही करता येणार नाही."

हरेशने माझ्या दंडाला चिमटा काढला. दिनेशने डोळे मिटले. मागे रांगेत बघते तर माझीच दोन जुनी गिऱ्हाईकं, कान टवकारून! चाळीस वर्षं मार्केटात माझं नाव होतं. शिळं निघालं तर पैसे परत. कुणाची बोलायची छाती नव्हती. कबूल केलं तर अब्रू जाते. नाही केलं तर मी जाते. आणि घरी रिकामा डबा.

मी हात जोडले. "मीच ती, साहेब."

"आणि पापलेट?"

"...दोन दिवसांचं होतं."

"चार."

"तीन! आणि वर बर्फ फुकट दिलेला."

रांगेतली एक बाई दुसरीला बोलली, "तरीच!"

साहेब हसत सुटले. पेन परत उघडलं, कागद घेतला, लिहिलं, सही केली, धाडकन शिक्का मारला. बोलले, पुढच्या महिन्यापासून पगार सुरू, राहिलेला पण मिळेल, मुद्दल होतं तिथेच आहे. दिनेश माझ्या पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला की बाबा, हळूच काम करत जा.

हरेशने कागद मोठ्याने वाचला. "सदर महिला आज माझ्यासमोर हजर होती. मी तिला ओळखतो. ती जिवंत आहे."

ऐकून मला पण जरा चढलं. मी बोलली, "साहेब, लिहिताय तर 'ताजी' पण लिहा ना!"

साहेबांनी पेन खिशात घातलं. "नको आजी," बोलले. "तुमच्या शब्दावर एकदा फसलोय मी."